वाचक विचारतात : हँड पॅलेट ट्रक, स्टॅकर आणि बीम ट्रॉली

जड माल उचलून हलवणाऱ्या हातगाड्यांबद्दल आलेल्या पत्रांत एक वाक्य वारंवार दिसते : ‘बहुतेक पंप गेला असावा.’ पंप हा या गाडीतला चिवट भाग आहे. तो जातो, पण चाके, फरशी आणि मालाची मांडणी यांच्यापेक्षा बराच उशिरा. निवडक पत्रे आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आमच्या मशिन शॉपमध्ये अडीच टनी हँड पॅलेट ट्रक आहे. पॅलेटवर (माल रचायच्या सपाट चौकटीवर) साधारण 1800 किलोची कास्टिंग (ओतीव भाग) असतात, म्हणजे क्षमतेच्या आतच. तरी ओढायला दोन माणसे लागतात आणि सुरुवातीला तिसऱ्याला मागून रेटावे लागते. मेकॅनिक पंप बदला म्हणतो. बदलावा का? (शिरोली, कोल्हापूर)

उत्तर : नको. पंपाचे काम माल वर उचलण्याचे. ओढताना तो फक्त तेल कोंडून धरतो. ट्रक 1800 किलो पूर्ण उंचीपर्यंत उचलत असेल आणि उचललेला माल खाली बसत नसेल, तर पंप ठणठणीत आहे.

ओढायला किती जोर लागायला हवा, हे आधी पाहू. माल 1800 आणि ट्रकचे स्वतःचे वजन सुमारे 75, मिळून 1875 किलो. गुळगुळीत, स्वच्छ काँक्रीटवर चांगली चाके असतील, तर चालत्या गाडीला एकूण वजनाच्या एक ते दोन टक्के ओढ पुरते, म्हणजे 19 ते 38 किलोचा जोर. थांबलेली गाडी हलवताना त्याच्या दीडपट-दुप्पट लागतो. एक धट्टाकट्टा माणूस हे करू शकतो. तुमच्याकडे तिघे लागतात, म्हणजे वाटेत काहीतरी जोर खाते आहे.

ते बहुधा पुढचे रोलर असतील. मालाचा साधारण दोन तृतीयांश भार फोर्कच्या (पॅलेटखाली शिरणाऱ्या दोन लांब हातांच्या) टोकाजवळच्या 80 मिमीच्या छोट्या रोलरवर येतो, हँडलखालच्या 200 मिमीच्या चाकांवर नाही. चाक जितके लहान तितका तेवढाच खडा त्याला जास्त अडवतो. लोक मोठ्या चाकांना ग्रीस मारतात आणि जिथे खरा भार आहे ते रोलर वर्षभर कोणी वाकून बघत नाही.

ट्रक रिकामा करा आणि दोघांनी मिळून आडवा पाडा. आडवा असताना ब्रीदरमधून (तेलाच्या टाकीच्या हवेच्या भोकातून) थोडे तेल गळू शकते, खाली कापड ठेवा. प्रत्येक रोलर बोटाने फिरवा : तो मोकळा फिरला पाहिजे आणि बाजूला खुळखुळता कामा नये. पृष्ठभागावर एका जागी चपटेपणा आहे का पाहा. माल लादलेला ट्रक रात्रभर किंवा सुट्टीभर तसाच उभा ठेवला की पॉलियुरेथेनच्या (पीयूच्या) रोलरला असा चपटा डाग पडतो. मशिन शॉपमध्ये आणखी एक त्रास असतो. लेथची बर (धातूचा चुरा) आणि कास्टिंगची वाळू पीयूमध्ये रुतते, मग रोलर कडेने फाटत जातो. बेअरिंग बहुतेक ट्रकांत 6204 नंबरचे असते, पण जुने काढून नंबर वाचूनच नवे आणा. दोन्ही बाजूंना रबर सील असलेले घ्या, उघडे घेऊ नका. रोलर बदलताना डावा-उजवा एकदमच बदला. एकच बदलला, तर नव्या-जुन्याच्या व्यासातल्या फरकाने ट्रक एका बाजूला झुकतो आणि सगळा भार नव्यावर येतो.

आता फरशी. पाणी वाहून जावे म्हणून शॉपच्या जमिनीला बऱ्याचदा 60 ला 1 असा उतार ठेवलेला असतो. डोळ्याला तो दिसत नाही, पण 1875 किलोला तो 31 किलोची जास्तीची ओढ लावतो. एकाच दिशेने जाताना ट्रक जड वाटत असेल, तर कारण हेच.

गाडी हलवताना सरळ हिसका देऊ नका. हँडल आधी एका बाजूला वळवा. दोन्ही चाके एकाच खुंटीभोवती फिरत असल्याने त्यातले एक पुढे सरकते, गाडी सुटते, मग सरळ ओढा. या युक्तीने तिसरा माणूस आजच मोकळा होईल.

प्रश्न : ट्रक उचलतो, पण माल थोड्या वेळाने हळूहळू खाली बसतो. कधी कधी नुसते हँडल मारत राहतो आणि फोर्क जागचे हलत नाहीत. सील किट (पंपातल्या गळती रोखणाऱ्या रबरी कड्यांचा संच) आणून ठेवले आहे. (बुटीबोरी, नागपूर)

उत्तर : सील किट ठेवा बाजूला, त्याची पाळी शेवटी येते. तुम्ही दोन वेगळ्या तक्रारी सांगितल्या आहेत आणि त्यांची कारणे बऱ्याचदा वेगळी असतात.

हँडलवरच्या लिव्हरला तीन जागा असतात : उचलणे, मधली (ओढण्यासाठी) आणि खाली सोडणे. लिव्हरपासून एक साखळी किंवा सळई पंपापर्यंत उतरते आणि खाली सोडण्याचा व्हॉल्व्ह दाबते. ही साखळी ताणली गेली किंवा तिच्या टोकाचा नट फिरला, की मधल्या जागेतही व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो. मग माल बसतो, किंवा कितीही पंप मारला तरी तेल परत टाकीत जाते. पहिली परीक्षा सोपी आहे. साखळी पंपाकडच्या टोकाला सोडवा, माल लावा आणि पंप मारा. आता उचलला आणि थांबला, तर दोष फक्त ॲडजस्टमेंटचा आहे.

ॲडजस्टमेंट पावपाव फेऱ्याने करा. नेहमीच्या बनावटीत मधल्या जागेत पंप मारल्यावर फोर्क वर जात असतील, तर नट घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. मधल्या जागेत खाली येत असतील, तर उलट. खाली सोडण्याच्या जागेत फोर्क उतरतच नसतील, तर घड्याळाच्या दिशेने. उचलण्याच्या जागेत पंप लागत नसेल, तर उलट. काही मॉडेलमध्ये नटाऐवजी स्क्रू असतो. प्रत्येक बदलानंतर तिन्ही जागा पुन्हा तपासा, कारण एक जागा जुळवताना दुसरी बिघडते.

साखळी सोडवूनही पंप लागत नसेल, तर हवा शिरली असेल. ट्रक आडवा ठेवून वाहतूक केली किंवा तेल कमी झाले की हे होते. साखळी पुन्हा जोडा, माल काढा, लिव्हर ‘खाली’ जागेत धरून ठेवा आणि हँडल पूर्ण खालपासून पूर्ण वरपर्यंत डझन-दीड डझन वेळा मारा. अर्धे स्ट्रोक मारले, तर हवा तिथल्या तिथेच आत-बाहेर करते.

मग तेल पाहा. या ट्रकांत साधारण 300 मिली तेल असते, आपल्या हवामानाला आयएसओ व्हीजी 32 या घट्टपणाचे हायड्रोलिक तेल चालते. फोर्क पूर्ण खाली असतानाच भरा. वर असताना भोकापर्यंत भरले, तर फोर्क उतरल्यावर जास्तीचे तेल बाहेर येते आणि मालक समजतो सील फुटले. गिअर ऑइल घातले, तर फोर्क उतरायला वेळ लावतात. गॅरेजमधले ब्रेक ऑइल तर कधीच नको. ते ग्लायकोलचे असते, पंपातले नायट्राइल रबर त्यात फुगते आणि मग खरोखरच सील किट लागते.

तेल स्वच्छ हवे, हेही लक्षात घ्या. व्हॉल्व्हच्या बैठकीवर बारीक कचरा अडकला, तरी माल असाच बसतो. रिकामे फोर्क पूर्ण वर नेऊन झटक्यात सोडा, पाच-सहा वेळा. बऱ्याचदा कचरा वाहून जातो. नाही गेला, तर तेल काढून केरोसिनने नव्हे, थोड्या नव्या हायड्रोलिक तेलाने धुवा.

एवढे सगळे करूनही माल बसत असेल, तर वरच्या दांड्याभोवती (रॅमभोवती) बोट फिरवा. ओलसर असेल, तर सील बाहेरून गेले आहे, तुमचे किट कामी येईल. कोरडे असेल, तर गळती आतल्या बैठकीत आहे आणि नुसते सील बदलून पैसे वाया जातील. रॅमवर गंजाचा खड्डा किंवा ओरखडा असेल, तर नवे सीलही महिनाभरात फाटेल, आधी रॅमचे पाहा.

पंपावर आणखी एक स्क्रू असतो, ओव्हरलोड व्हॉल्व्हचा. तो कारखान्यात ठरवून बसवलेला असतो. ‘जरा आवळला की जास्त उचलतो’ हे खरे आहे, म्हणूनच त्याला हात लावू नका. पंप उचलेल, पण फोर्क, सळया आणि रोलर मूळच्याच वजनाचे असतात.

प्रश्न : प्रेसची 700 किलोची डाय (साचा) रॅकवरून काढून प्रेसच्या बेडवर चढवायची आहे. एक टनी हँड स्टॅकर (उभ्या खांबावर फोर्क वर नेणारी हातगाडी) आहे, 1600 मिमी उचलणारा. 300 किलोची शिल्लक असूनही फोर्क पुढे झुकलेले दिसतात. आणि डाय ढकलताना स्टॅकर मागे सरकतो. (भोसरी, पुणे)

उत्तर : दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत, दुसरी जास्त.

स्टॅकरच्या पाटीवर ‘1000 किलो’ असे नुसते नसते, शेजारी लोड सेंटर दिलेले असते, उदाहरणार्थ 500 मिमी. याचा अर्थ मालाचा मध्य फोर्कच्या टाचेपासून, म्हणजे उभ्या भागापासून, 500 मिमीवर असेल तरच 1000 किलो. तुमची डाय 1100 मिमी लांब असेल आणि टाचेला चिकटवून ठेवली, तर मध्य 550 वर येतो. हाताला सोपे जावे म्हणून 180 मिमी पुढे ठेवली, तर 730 वर. 1000 गुणिले 500 भागिले 730 केले, तर सुमारे 685 किलो. तुमची डाय 700 ची. शिल्लक 300 नाही, उलट तूट आहे. हा हिशेब ढोबळ आहे, उत्पादकाचा तक्ता असेल तर तोच मानावा, आणि उंची वाढली की तक्त्यातला आकडा आणखी उतरू शकतो.

हँड स्टॅकरला पुढे पाय असतात, त्यामुळे तो लगेच उलटत नाही. त्यामुळेच लोक बिनधास्त राहतात. जास्तीचा पीळ कॅरेजच्या (फोर्क धरून वर-खाली सरकणाऱ्या भागाच्या) रोलरवर, मास्टच्या (उभ्या खांबाच्या) खाचांवर आणि फोर्कच्या टाचेवर जातो. फोर्क झुकलेले दिसतात, म्हणजे रोलर झिजलेत किंवा फोर्क वाकलेत. रिकाम्या स्टॅकरचे फोर्क जमिनीपासून टाचेला आणि टोकाला मोजा. टोक खाली असेल आणि कॅरेज हाताने हलवल्यावर खडखडत असेल, तर रोलर. खडखडत नसेल, तर फोर्क वाकलाय. वाकलेला फोर्क तापवून सरळ करू नका, बदला. साखळीच्या दोन्ही टोकांच्या पिनाही याच वेळी पाहून घ्या.

आता ढकलण्याचे. लोखंडावर लोखंड सरकवायला वजनाच्या 15 ते 20 टक्के जोर लागतो, तेल असेल तर थोडा कमी. 700 किलोच्या डायला 105 ते 140 किलो. तुम्ही जेवढ्या जोराने डाय पुढे ढकलता, तेवढाच जोर स्टॅकरला मागे लोटतो. त्याचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो आणि फरशीवर कूलंट सांडलेले. डाय अर्धी बेडवर गेली की मधे फट पडते, आणि डाय त्या फटीत तिरकी होते. खाली माणसाचा पाय असतो.

या कामाला स्टॅकर नव्हे, डाय लोडर ट्रॉली घ्या. तिच्यात तीन गोष्टी पाहून घ्या. पहिली, प्रेसच्या बेडला अडकणारा हुक किंवा खुंटी. बेडवर टी-स्लॉट (टी आकाराच्या खाचा) असतातच, त्यात बसणारा ठोकळा स्थानिक वर्कशॉप करून देते. ट्रॉली बेडला बांधली गेल्याशिवाय डाय हलवायचीच नाही, हा नियम भिंतीवर लिहा. दुसरी, टेबलावर रोलर किंवा बॉल ट्रान्स्फर (सर्व दिशांना फिरणाऱ्या गोळ्या). त्याने 700 किलोची डाय 20-25 किलोच्या जोरावर सरकते. पण मग ती आपोआपही सरकते, म्हणून टेबलाच्या टोकाला वर येणारा अडथळा हवाच. तिसरी, उंची बारकाईने जुळवणारा पंप : डाय प्रेसवर चढवताना टेबल बेडपेक्षा एक-दोन मिमी वर ठेवा, परत घेताना तेवढेच खाली. डायची कड धडकत नाही.

कात्री पद्धतीचा हाय-लिफ्ट पॅलेट ट्रक (800 मिमीपर्यंत उचलणारा) यासाठी सुचवला जातो. साधारण 400 मिमीच्या वर त्याचे आधाराचे पाय जमिनीला टेकतात, म्हणजे तो जागचा हलत नाही. बेडशी नेऊन मगच उचलला तर उपयोगी. वर उचलून फिरवायचा विचार असेल, तर निरुपयोगी. बंद तळाच्या पॅलेटखालीही तो चालत नाही.

प्रश्न : स्टॅकरच्या फोर्कवर पॅलेट ठेवून त्यावर माणूस उभा करून ट्यूबलाइट बदलतो. चालते ना? (नाव-गाव छापू नये)

उत्तर : नाही. स्टॅकरमध्ये साखळी किंवा होज तुटली तर माणसाला थांबवणारे काही नसते, आणि खाली उभ्या माणसाचा हात लिव्हरला लागला तरी वरचा माणूस खाली येतो. शिडी घ्या किंवा मचाण बांधा.

प्रश्न : आमच्या शेडमध्ये शटललेस (धोट्याशिवाय चालणारे) माग आहेत. बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेले मोठे रूळ) चढवायला हायड्रोलिक बीम ट्रॉली घ्यायची आहे. किती टनाची घ्यावी, आणि घेताना काय पाहावे? (इचलकरंजी)

उत्तर : टनेज विक्रेत्याला विचारू नका, आपल्या ताण्यावरून (कापडातल्या उभ्या धाग्यांवरून) काढा. सुताचे वजन किलोत = टोके × मीटर × 0.59 ÷ (काउंट × 1000). टोके म्हणजे ताण्यातल्या धाग्यांची संख्या, काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा. 20 काउंटची 6000 टोके आणि 1500 मीटर लांबी धरली, तर सूत सुमारे 266 किलो. सायझिंगचे (सुताला लावलेल्या खळीचे) दहा टक्के धरले, तर 292. त्यात रिकाम्या बीमचे वजन मिळवा. ते अंदाजाने नको, सायझिंगवाल्याकडे काट्यावर तोलून घ्या. बीम आणि हार्नेस (ताण्याचे धागे वर-खाली करणाऱ्या वईच्या फ्रेम, फणी, ड्रॉपर) एकत्र चढवणारी ट्रॉली घेणार असाल, तर तेही वजन जोडा. येईल त्याच्या दीडपट क्षमतेची ट्रॉली घ्या. 40 काउंटचा ताणा याच्या निम्म्याने हलका असतो, पण ट्रॉली नेहमी शेडमधल्या सर्वांत जड बीमवर ठरवायची.

दोन बाजूंना दोन सिलिंडर आणि एकच पंप असेल, तर एक प्रश्न जरूर विचारा : दोन्ही बाजू यांत्रिकपणे जोडलेल्या आहेत का? तेल नेहमी हलक्या बाजूला आधी जाते. बीम पाळण्यात किंचित सरकलेला असेल, तर एक टोक वर, एक खाली असे होते आणि फ्लँज (बीमच्या टोकाची चकती) मागाच्या बाजूला घासते. दोन्ही हात एका आडव्या दांड्याने बांधलेले असले, की ते एकत्रच उठतात.

मागांमधली बोळ मोजा. मागाच्या मागच्या बाजूला पसरलेल्या पाइप आणि केबल धरून जी सर्वांत अरुंद जागा असेल, ती. ट्रॉली त्या बोळीत बीम मागाशी समांतर ठेवून जाते आणि शेवटचे काही इंच आडवी सरकते. त्यासाठी चारही चाके फिरती हवीत, दोन स्थिर चाकांची ट्रॉली तिथे अडकते. चारही फिरती असतील, तर कमीत कमी दोन चाकांना लॉक हवे, नाहीतर सरळ बोळीत ट्रॉली हवी तिकडे भटकते.

आणि चाके. यंत्रमागाच्या शेडमधले तुटके सूत आणि रुईचा भुगा चाकाच्या आसाभोवती गुंडाळला जातो. तो सीलच्या आत शिरून ग्रीस शोषून घेतो, मग बेअरिंग कोरडे चालते. आठवड्याला ब्लेडने सूत कापून काढायचे काम जॉबरच्या (माग सांभाळणाऱ्या कारागिराच्या) यादीत लिहा. ग्रीस मारण्यापेक्षा याचा उपयोग जास्त आहे.

प्रश्न : द्राक्ष पॅकहाउससाठी दोन हँड पॅलेट ट्रक घ्यायचे आहेत. फोर्कची रुंदी 540 मिमी घ्यावी की 685? (पिंपळगाव बसवंत)

उत्तर : तुमच्या पॅलेटवर अवलंबून. 1200 × 1000 च्या पॅलेटला 685 बरी, माल डुलत नाही. 1200 × 800 च्या युरो पॅलेटला 1200 च्या दिशेने शिरताना 685 बसणारच नाही, तिथे 540. दोन्ही प्रकारची पॅलेट येत असतील, तर एकेक घ्या आणि हँडलला रंगाची पट्टी मारा.

लांबीबद्दल जास्त चुका होतात. फोर्क 1150 मिमीचे असतात. पॅलेटमध्ये 1000 च्या दिशेने शिरलात, तर टोक पलीकडे 150 मिमी बाहेर येते, शेजारच्या पॅलेटखाली जाते आणि दोन्ही एकदम उचलते. वरची पेटी पडते ती दुसऱ्या पॅलेटवरची, आणि कारण कोणाला कळत नाही. दुसरे, पॅलेटच्या तळाला आडव्या फळ्या असतील, तर रोलर दोन फळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आला पाहिजे. तो फळीवर थांबलेला असताना पंप मारला, की रोलर फळी खाली रेटतो आणि खिळे उपटून निघतात. फोर्कवर रंगाने खूण करा : इथपर्यंत आत. कोटा फरशी असेल तर नायलॉनऐवजी पीयूची चाके घ्या. नायलॉन हलके ओढते, पण सांध्यांवर फरशीच्या कडा उडवते.

प्रश्न : मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात ट्रक वर्षभरात गंजतो. (रत्नागिरी)

उत्तर : रंगवलेला ट्रक तिथे टिकणार नाही. गॅल्व्हनाइज्ड घ्या, आणि थेट मासळीच्या हॉलमध्ये फिरणारा असेल तर स्टेनलेस. पण पंपाचा रॅम आणि बेअरिंगही गंजरोधक आहेत का, हे लेखी घ्या. नुसते फोर्क स्टेनलेस असून भागत नाही. रोज शेवटी गोड्या पाण्याने धुवा, दाबाचा फवारा बेअरिंगवर आणि ब्रीदरवर मारू नका, आणि धुतल्यावर फोर्क पूर्ण खाली करून ठेवा. रॅम आत राहतो, त्यावर मिठाचा थर बसत नाही. कोल्ड स्टोरेजमध्ये उणे तापमानात ट्रक कायम राहणार असेल, तर साधे तेल घट्ट होते. थंडीसाठीचे तेल आणि तशीच सील असलेला ट्रक मागवा.

प्रश्न : टेम्पोच्या फळीवरून एक टन मालाचा पॅलेट हँड पॅलेट ट्रकने उतरवता येतो का? उतार दहाला एक आहे. (वाळूज, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : हँड पॅलेट ट्रकने नाही. दहाला एक उतारावर एक टन माल आणि ट्रक मिळून सुमारे 107 किलोच्या जोराने खाली जाऊ पाहतात. बहुतेक ट्रकांना ब्रेक नसतो. लिव्हर ‘खाली’ करून फोर्क टेकवणे हाच थांबवण्याचा मार्ग, आणि उतारावर टेकलेला पॅलेटही घसरतो. टेल-लिफ्ट (टेम्पोच्या मागे बसवलेली वर-खाली होणारी फळी), फोर्कलिफ्ट किंवा टेम्पोच्या उंचीचा धक्का यातले काहीतरी हवे. आवारातला जो किरकोळ उतार टाळताच येत नाही, तिथे माणूस कायम मालाच्या वरच्या अंगाला असावा : चढताना पुढून ओढायचे, उतरताना मागून धरून सोडायचे.